रिवणचा काटा

खाण बंद झाली, ट्रक भंगारात गेले,
काटा तेवढा राहिला.
चाळीस टनांचा, लोखंडी, वर लाल धुळीचा थर.
शंभर किलोंच्या खालचं त्याला काही दिसत नाही.
पहाटे पाचला त्यावर आम्ही घोडी चढवली.

आधी ती एकटी: तीनशे ऐंशी.
मग खोगीर, पाण्याची बाटली आणि मी:
चारशे ऐंशी.
टोकनवाल्या पोराने वजाबाकी मोठ्याने वाचली
आणि रांगेतलं कुणीतरी हसलं.
शंभर. घोडीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त.
माझं नाव सुकडो. आईने ठेवलं,
जन्मलो तेव्हा खरंच तसा होतो.

घोडी सुंगटी, रंगावरून.
डॉक्टर लिब्रातांनी शिंप्याची टेप काढून
तिच्या गुडघ्याखालची नळी मोजली,
बरगड्या चाचपल्या,
बाजारात तवशी दाबून बघावी तशा.
"दिसत नाहीत, हाताला लागतात. असंच हवं."
मग माझ्याकडे वळून,
"चाळीस किलोमीटर आहे, सुकडोबाब.
वजन किती, ते काट्याला ठाऊक.
तुम्ही ते कसं ठेवता, ते तिला कळणार."

शेजारी नोवेल. चोपन्न किलो, नवे बूट, नवी टोपी.
त्याचा घोडा उंच, दोन महिने पळवून पळवून सुकवलेला,
बरगड्या जुन्या नळ्यांच्या छपरासारख्या.
सगळे म्हणाले, हाच मारणार.

वजनाचं मला कुणी शिकवू नये.
बारा वर्षं याच रस्त्याने मी खनिज वाहिलं,
दहा टनांच्या गाडीत चौदा टन,
पावती दहाचीच.
गाडी बोलत नाही. कण्हते,
आणि आपण रेडिओ मोठा करतो.
एकदा वळणावर ॲक्सल मोडला,
सगळी माती एका बाईने वाळत घातलेल्या सोलांवर.
माणूस कोणी गेलं नाही,
म्हणून विसरलो, असं मी धरून चाललो होतो.

कुशावतीपर्यंत सपाट.
पहिल्या चढाला मी उतरलो.
लगाम सैल, मी पुढे, ती मागे,
तिचा श्वास माझ्या मानेवर.
नोवेल बसूनच गेला, खोगिरावर आदळत,
चोपन्न किलो, पण दर पावलाला नव्याने पडणारे.
उतारालाही मी उतरलो.
काजूच्या बागेत बोंडांचा आंबूस वास,
भट्टीजवळच्या म्हातारीने विचारलं,
"घोडी असून चालतोस कित्याक रे?"
काय सांगणार. म्हटलं, आळीपाळीनं.

पंचविसाव्या किलोमीटरला तपासणी.
वीस मिनिटांत नाडी चौसष्टला यायला हवी.
नोवेलचा घोडा अठ्ठ्याहत्तर,
मग चौऱ्याहत्तर,
मग तिथेच.
अंगात जाळायला काही उरलंच नव्हतं.
नोवेल बांधावर बसला, टोपी हातात.
हलकं राहा, एवढंच त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं,
घोड्याच्याही अंगावर काही लागतं, हे कुणी नाही.
त्याला मी माझं पाणी दिलं. बोललो नाही.
सुंगटी अठ्ठावन्न.
तिने डॉक्टरांची बाही चावली.

आठ पोचले, आम्ही सहावे.

संध्याकाळी परत काट्यावर. तीनशे सत्तर.
दहा किलो तिने रस्त्याला दिले,
त्यातले उन्हाचे किती, माझे किती,
हे लिब्रातांनाही सांगता येईना.
मग तिला बाजूला नेलं
आणि का कोण जाणे, एकटाच वर चढलो.

आकडा हलला नाही.
टोकनवाला पोर म्हणाला,
"बाबा, तू नाहीस."

तसाच उभा राहिलो जरा वेळ.
पलीकडे सुंगटी, चारी पाय वर करून,
खोगिराखालची ओली पाठ
लाल मातीत घासत होती.